कुसुमताईंनी पाठवलेलं तीर्थ

कुसुमताईंना किळस यायला फारसं निमित्त लागत नसे. भाजीवाल्याने थुंकी लावून पिशवी उघडली, की त्या दिवशीची भाजी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाने नाक शिंकरलं, की ताई जिलबीवर पाणी सोडून उठत. त्यांचे यजमान सुधाकरराव बँकेतून रिटायर झालेले, थंड डोक्याचे गृहस्थ. ते म्हणत, आमच्या हिची ‘शी’ दोन प्रकारची आहे, एक नाकातली आणि एक पोटातली. नाकातली आली तर पेपर वाचत बसायचं, पोटातली आली तर सरळ गॅलरीत जायचं.

ताईंचे वडील रेल्वेच्या नोकरीत खानदेशातून उज्जैनला आले आणि इथलेच होऊन गेले. दोन मुली, कुसुम आणि मीना. कुसुम शिकली आणि मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायला लागली. पाणी किती वेळ उकळायचं, दुहेरी फडक्यातून कसं गाळायचं, माठात हात का बुडवायचा नाही, हे त्यांनी पोरींच्या डोक्यात इतकं भरलं, की आज फ्रीगंजमधल्या निम्म्या सासवा माठाला ओगराळं लावतात ते ताईंच्या धाकाने. मीना धाकटी, तीही त्याच शाळेत, ताईंच्याच वर्गात शिकली. तिला भरुचच्याही खाली, नर्मदा समुद्राला मिळते त्या खाडीच्या काठच्या एका गावात दिली. बडोदा संस्थानाच्या काळात मिळालेली जमीन धरून राहिलेलं मराठी घर होतं, केळीची बाग होती. जावयाला सगळे बापू म्हणत. लग्नात वडील ज्याला त्याला सांगत होते, पोर नर्मदेच्या काठी पडली, तिला जन्मात पाण्याची ददात नाही. जे बोलू नये ते माणूस नेमकं मांडवातच बोलतो.

इकडे शिप्रेचं काय झालं ते उज्जैनच्या माणसाला सांगायला नको. वरच्या अंगाने तिला जी नदी मिळते तिला नदी म्हणायची नुसती सवय उरली आहे. काळं पाणी, वर फेस, आणि उन्हाळ्यात असा वास, की नवीन माणूस पुलावर रुमाल काढतो आणि जुना माणूस त्याला हसतो. मग सोमवती अमावास्या किंवा एखादी पर्वणी जवळ आली, की घाटावर धावपळ उडते. घाण पाणी पुढे काढून दिलं जातं आणि डोंगर चढवून पाइपाने आणलेलं नर्मदेचं पाणी शिप्रेत सोडलं जातं. पाहुणे यायच्या आधी चादर बदलावी तसं नदीचं पाणी बदलतात. तिथी झाली, पेपरात फोटो आले, की चार दिवसांत पुन्हा तेच. याला कुणी फसवणूक म्हणत नाही, व्यवस्था म्हणतात.

ताई हे सगळं जाणून होत्या आणि तरी सोमवती चुकवत नसत. आईची रीत होती, मोडवत नव्हती. नाक दाबून तीन डुबक्या मारायच्या. आचमनाचं पाणी ओठाला लावल्यासारखं करायचं आणि कोपरावरून सोडून द्यायचं. नानाखेड्याला घरी आलं की गीझर लावून साबणाने पुन्हा अंघोळ.

“अगं, पुण्य पण धुऊन जाईल ना,” सुधाकरराव म्हणत.

“पुण्य आत असते. घाण बाहेर असते,” ताई मोरीतून उत्तर देत.

मीनाला तीर्थ पाठवायचं, ही दुसरी रीत. सुरतेकडे जाणारी खासगी बस नानाखेड्याहून सुटते आणि भरुचच्या बायपासला थांबते. बापू तिथे स्कूटर घेऊन उभे राहत. आधी ताई तांब्याची छोटी लोटी पाठवत, डाख मारून बंद केलेली. नर्मदेचं पाणी शिप्रेत यायला लागल्यावर एकदा मीनाने फोनवर सांगितलं, “ताई, लोटी पुरत नाही ग. बाटलीने पाठव. सगळ्यांना हवं असतं.” मग बाटली गेली. पुढच्या खेपेला तिने कॅन मागितला. मग ताईंनी टॉवर चौकातून वीस लिटरचा निळा जार आणला, नावाड्याला मधल्या धारेत नेऊन तो भरून घेतला आणि कंडक्टरच्या हवाली केला. कंडक्टरने जारला हात लावून कपाळाला लावला आणि पुढे देवाच्या फोटोखाली ठेवला. मागच्या उन्हाळ्यात मीनाला कावीळ झाली, तेव्हा तर ताईंनी न मागता आणखी एक जार पाठवला. अंगावर शिंपड, देव्हाऱ्यात ठेव, बरी होशील म्हणाल्या. आपल्या भगिनी मंडळातल्या बायकांना त्या अभिमानाने सांगत, “आमची मीना साऱ्या गावाला तीर्थ वाटते. श्रद्धा वाढून राहिली लोकांची.”

यंदा वैशाखात मीना स्वतः आली. पायांवर सूज, चेहरा उतरलेला, आणि ब्लडप्रेशर असं, की तिकडच्या डॉक्टरने मोठ्या ठिकाणी दाखवा म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई स्वयंपाकघरात आल्या तर मीना चहाच्या पातेल्यावर वाकून उभी होती.

“काय बघते आहे?”

“फाटला नाही.”

“चाय कशाला फाटेल? ताजं दूध आहे.”

“आमच्याकडे फाटतो. पाण्याने,” मीना म्हणाली आणि पातेलं उतरवलं. मग तिने तुरीची डाळ लावली आणि ती मऊ शिजलेली पाहून बोटांनी दाबत राहिली. “आमची डाळ दाण्यासारखी राहते ताई. किती शिट्ट्या दिल्या तरी.”

जेवताना तिने सगळं सांगितलं, रडगाणं न करता, बाजारभाव सांगावा तसं. समुद्र रोजच भरतीला नदीत शिरतो. पूर्वी नदी त्याला रेटून धरायची. आता पावसाळा सरला की रेटायला नदीत जोर नसतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा खारं पाणी पार वरपर्यंत चढतं आणि विहिरींत उतरतं. केळी गेली. शेतात मातीवर पांढरं फुटतं, पापडखार सांडल्यासारखं. वरच्या धरणातून खाली अमुक इतकं पाणी सोडायचंच असा नियम आहे म्हणतात. ऑफिसची माणसं येतात, मीटर बुडवून खारेपणा मोजतात, मान हलवतात आणि जातात. आता म्हणे मोठा बांध घालून समुद्रालाच अडवणार, नदीचं गोड पाणी आतल्या अंगाला साठवणार. कोळी म्हणतात मग मासा वर कसा चढेल. बापू म्हणतात बांध होऊ दे, बाग पुन्हा लावू. त्या आशेवर त्यांनी जमीन विकली नाही, आणि आता विकतो म्हटलं तरी कोण घेतो.

“मग तू पिते काय?” ताईंनी विचारलं.

“टँकर येतो. कधी येतो, कधी नाही. विकतचा जार सासूबाईंना लागतो. माझं चालतं.” मीनाने वरणात कालवलेला भात पुढे ओढला. “डॉक्टर म्हणाले मीठ सोडा. सोडलं. वरणात नाही, भाजीत नाही. पण पाणीच खारं, ते कसं सोडू?”

“शी,” ताई म्हणाल्या. ही पोटातली होती. ती मीनावर नव्हती, मीटर बुडवणाऱ्यांवर होती, बापूंच्या आशेवर होती, आणि मांडवात मिरवणाऱ्या आपल्या मेलेल्या बापावरही थोडी होती. सुधाकरराव ताट घेऊन उठले.

फ्रीगंजच्या डॉक्टरने रिपोर्ट पाहिले आणि आडपडदा ठेवला नाही. मूत्रपिंडांवर ताण आलेला आहे, अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण असंच खारं पाणी पोटात जात राहिलं तर जाईल. रिक्षात बसल्या बसल्या ताईंनी जाहीर केलं, “तू आता इथेच राहायचं. मी बापूंना बोलते.”

“आणि सासूबाईंना कोण बघेल? यांना चहा तरी येतो का करायला?”

“न येऊ दे. फाटकाच तर प्यायचा आहे.”

मीना हसली, पण हो म्हणाली नाही. ती राहील की परत जाऊन त्याच विहिरीचं पाणी प्यायला लागेल, या एकाच विचाराने ताईंची झोप उडाली होती.

त्याच आठवड्यात सोमवती आली. महाराष्ट्रीय भगिनी मंडळाने रामघाटावर कलशपूजनाचा घाट घातला होता. नऊवारी नेसलेल्या बायका, डोक्यावर कलश, नर्मदामाईचं शिप्रेत स्वागत, आणि एक मोठे पाहुणे. मंडळाच्या अध्यक्ष अलका बर्वे, सगळं हसून साजरं करणाऱ्या. त्यांचा फोन आला, “कुसुम, दोन शब्द तू बोल. तुझी तर बहीणच नर्मदेच्या मुखाशी आहे. किती छान योग आहे ना.” ताईंनी भाषण पाठही केलं. मी इथून शिप्रेचं तीर्थ नर्मदेच्या काठी पाठवते, म्हणजे एका नदीने दुसरीची ओटी भरते, असं काहीतरी गोड गोड होतं.

दोनच दिवस आधी पुलावरून जाताना त्यांनी नदी पाहिली होती. घाटाच्या पायऱ्यांशी मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते आणि एक माणूस झाऱ्याने ते गोळा करून पोत्यात भरत होता. सोमवतीच्या सकाळी तिथेच हिरवट, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी डुलत होतं. लाउडस्पीकर गर्जत होता. पंड्यांच्या छत्र्या उघडल्या होत्या. शॅम्पूच्या फाटक्या पुड्या, झेंडूचा चिखल, कुणाची तरी सोडून दिलेली बनियन, असं सगळं पायरीला येऊन थटत होतं. ताईंनी नाक दाबून आपल्या डुबक्या उरकल्या आणि वळून पाहिलं.

मीना कंबरभर पाण्यात उभी होती आणि ओंजळीने पाणी पीत होती. आचमनासारखं नाही. शेतातून आलेला माणूस पितो तसं, एक ओंजळ, दुसरी, तिसरी, गळ्यातून आवाज येईल असं. शेजारी एक माणूस काखेला साबण लावत होता.

ताईंनी पाण्यातच धाव घेतली आणि तिचा हात धरला. “थुंक. थुंक ते आधी.”

“काय झालं?”

“अगं, पीत नाहीत हे!”

“मग काय करतात?” मीनाने खरंच विचारलं. “तू पाठवतेस तेच ना हे? घरी मी तेच तर पिते.”

ताईंना वाटलं लाउडस्पीकरमुळे आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी तिला पायरीवर बसवलं. “तू जार देव्हाऱ्यात ठेवते. गावाला वाटते.”

“लोटी होती तेव्हा देव्हाऱ्यात होती. एकदा उन्हाळ्यात टँकर आला नाही आणि सासूबाईंना उलट्या. लोटी फोडली आणि चमच्याने पाजली त्यांना. इतकं गोड पाणी, ताई. म्हणून बाटली मागितली.” तिची नजर खाली गेली. “वाटते म्हणाले, कारण तुला कसं सांगायचं, तुझ्या तीर्थाचा मी चहा केला म्हणून? सणाची डाळ त्याच्यातच शिजते. पाहुणे आले की चहा त्याचाच. बाकीचं मी पुरवून पुरवून पिते.”

“उकळून तरी?”

“तू शिकवलंस तसंच ग. फडक्यातून गाळून, उकळून.” मग ओला पदर पिळत म्हणाली, “गॅस संपलेला असला तर तसंच. तीर्थाने काय होतंय, म्हटलं.”

“कावीळ कधी झाली होती तुला?”

मीना आठवायला लागली आणि आठवता आठवता थांबली. “पहिला जार संपत आला होता तेव्हा,” ती म्हणाली.

आणि त्यावर औषध म्हणून ताईंनी दुसरा जार पाठवला होता. पोत्यात भरलेले मासे त्यांच्या डोळ्यांसमोर आले. जे पाणी आपण ओठाला लावायचं नाटक करतो, घरी जाऊन साबणाने धुतो, ते आपण बहिणीला भरभरून पाठवलं, वर मंडळात मिरवलं. जन्मभर पोरींना पाणी उकळायला शिकवलं आणि घरच्या पोरीला हे. ताईंना स्वतःची किळस आली. त्या किळसेला कुठली मोरी पुरणार होती?

“मला काय माहीत तू पिशील,” त्या म्हणाल्या.

“मला काय माहीत तुम्ही पीत नाही,” मीना म्हणाली. मग तिने पाण्याकडे पाहिलं. “पण हे तिकडचंच ना ताई? नर्मदेचंच?”

“हो. इकडे चढवून आणतात.”

“मग बरंच की. वळसा घालून का होईना, आलं आमच्यापर्यंत.” ती कडवट बोलत नव्हती, हेच ताईंना सोसवेना. “तुमचं म्हणून नाही ग. तुम्ही घेता ते कितीसं. वाटेत ज्याचा त्याचा लोटा. कालवे, शहरं, कारखाने, सगळ्यांनाच लागतं. आम्ही शेवटच्या पंगतीला बसलोय, वाढपी येतो तेव्हा बादली खडखडते.” तिने सवयीने आभाळाकडे पाहिलं. “आज अमावास्या. तिकडे उधाण असेल. हे विहिरीवर उभे असतील, पाणी चाखत.”

इतक्यात मंडपातून ताईंच्या नावाचा पुकारा झाला. त्या ओल्या लुगड्यानेच गेल्या. पाहुण्यांचं भाषण नुकतंच संपलं होतं. नर्मदामाई स्वतः चालत शिप्रेच्या भेटीला आली, असं ते म्हणाले होते आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गुरुजी कलशातलं तीर्थ पळीने सगळ्यांच्या हातावर घालत होते. ताई बघत राहिल्या. पाहुण्यांनी हात ओठाजवळ नेला आणि पाणी मनगटावरून सोडून दिलं. अलकाताईंनी तेच केलं, मागून रुमालाने हात पुसला. ओळीने सगळ्या बायकांनी तेच केलं. एकीच्याही घशाची घाटी हलली नाही.

ताई माइकसमोर उभ्या राहिल्या. पाठ केलेलं काही आठवलं नाही. त्यांनी कलशातून फुलपात्र भरून घेतलं.

“अलका, हे घे. घोटभर. गिळून दाखव.”

अलकाताई हसल्या. “अगं, तीर्थ ना ते. असं काय करून राहिली?”

“तीर्थ आहे म्हणूनच. माझी बहीण हेच पिते. तिकडे हिच्या विहिरीत समुद्र येऊन बसला आहे, म्हणून पिते. तुम्ही एक घोट घ्या सगळे.”

पाहुण्यांना तेवढ्यात फोन आला. गुरुजी म्हणाले, “दीदी, आचमन तो हो गया.” अलकाताईंचं हसू ओसरलं. “मग तूच घे ना कुसुम,” त्या हळूच म्हणाल्या, पण माइक चालू होता.

ताईंनी फुलपात्र तोंडाला लावलं. पाणी तोंडात घेतलं. खरंच गोड होतं ते. मीना समोर पायरीवर उभी राहून पाहत होती. ताईंनी गिळायचा दोनदा प्रयत्न केला, मग मंडपाच्या कडेला वाकल्या आणि थुंकल्या. तो आवाज लाउडस्पीकरमधून साऱ्या घाटाला ऐकू गेला. त्यानंतर मंडळाने त्यांना कुठल्याही कार्यक्रमाला बोलावलं नाही आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही.

मीना पावसाळा लागेपर्यंत राहिली. सूज उतरली, प्रेशर खाली आलं, चेहऱ्यावर तजेला आला. मग सासूबाई पडल्याचा फोन आला आणि ती बॅग भरायला लागली. ताईंनी तिला रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला, काही उपयोग झाला नाही. जाताना तिने माठातलं पाणी पोटभर पिऊन घेतलं.

आता दर आठवड्याला ताई पाणी उकळतात, दुहेरी फडक्यातून गाळतात, गार करतात आणि स्वतःच्या हाताने घासलेल्या जारमध्ये भरतात. आठवडाभर बहिणीला औषधासारखं पुरेल, एवढंच त्यांच्या हातात आहे. असा पहिला जार घेऊन सुधाकररावांबरोबर त्या नानाखेड्याच्या स्टँडवर गेल्या, तेव्हा नेहमीचाच कंडक्टर होता. त्याने जारकडे हात नेला आणि विचारलं, “माताजी, तीर्थ है ना?”

“तीर्थ नहीं है भैया. पीने का पानी है. साफ है. अब हर हफ्ते आएगा.”

कंडक्टरचा हात कपाळापर्यंत गेला नाही. “पानी?” तो म्हणाला. “पानी हर हफ्ते कौन ले जाएगा माताजी? डिक्की में डाल दो, टायर के पास. लीक हो गया तो मेरी जिम्मेदारी नहीं.”

डिक्कीत मळकी पोती होती, ग्रीस लागलेला जॅक होता आणि कुणाची तरी कोंबड्यांची खुराडी होती. ताईंनी आत वाकून पाहिलं. मीनाच्या घशात जायचं पाणी तिथे बसून जाणार होतं. त्यांच्या तोंडाची चव गेली. घाटावर जे गिळता आलं नव्हतं, ते त्यांनी आत्ता गिळलं.

“तीर्थ ही है,” त्या म्हणाल्या. “मैं भूल गई थी. सोमवती का है.”

कंडक्टरने लगेच चप्पल काढली, जार दोन्ही हातांनी उचलला आणि पुढे देवाच्या फोटोखाली नीट ठेवून दिला. सुधाकरराव बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

घरी येऊन ताईंनी आधी चूळ भरली. मग मीनाला फोन लावला.

“जार निघाला आहे. तीर्थ नाही ग ते, बिनधास्त पी.”